दोघी आणि तिघं

बाय, तुला वाचता येत नव्हतं म्हणून हे लिहायचा धीर होतो आहे. वाचता येत असतं तर मी लिहिलं नसतं. आणि तोंडाने तर मी तुला चार वाक्यं सलग कधी सांगितलीच नाहीत. बोलायचं तू, ऐकायचं मी, असं आपलं पहिल्यापासून होतं.

तुला जाऊन नऊ दिवस झाले. मला रडू आलेलं नाही. वन्सं म्हणतात, "रड गो, नायतर छातीत बसल." बसेल तर बसेल. मी उठते, झाडते, कोंबड्या सोडते, चूल पेटवते. काल डाळीच्या पुडीचा कागद उलगडला आणि सवयीने मोठ्याने वाचला, ओसरीकडे तोंड करून. कुठल्या तरी जमिनीच्या भांडणाची बातमी होती. निकालापाशी कागद फाटलेला. तुला त्याचा किती राग यायचा. "वाण्याला सांग, पुडी बांधायची तर अख्खी बातमी दे म्हणावं." मी ओसरीकडे बघत थोडा वेळ थांबले. मग कागद चुलीत घातला.

आज सकाळी आपल्या लेकीचा, अशूचा वाशिंदहून फोन आला. "लहानी आय, तेराव्याला मी एकटी येऊ, का दीपालीला घेऊन येऊ? तू सांगशील तसं." मी म्हटलं, दुपारी सांगते. तुझ्या मातीला अशू एकटीच आली होती. मला नंतर कळलं की दीपाली फाट्यापर्यंत तिच्यासोबत आली होती. तिथे दगडावर बसून राहिली आणि धूर दिसल्यावर परत गेली. तू घातलेली अट तू गेल्यावरही तिने मोडली नाही.

आता दुपार झाली आहे. अशूला काय ते सांगायचं आहे. त्याआधी तुला सांगायला पाहिजे, कारण प्रश्न तुझा होता आणि उत्तर मिळाल्याशिवाय तू कुणाला सोडत नव्हतीस.

तो दिवस मला पुरा आठवतो. अशू सुट्टीला आली होती. दीपालीही होती. तेव्हा ती कंपनीतली मैत्रीण म्हणूनच यायची, आणि अशूपेक्षा जास्त तुझी लाडकी होती. आवणीला ती चिखलात उतरली की तुझ्या बरोबरीने रोपं लावत जायची. अशू मात्र बांधावर बसून पाय धुवायची. टीव्हीवर कोर्टाचं काहीतरी चाललं होतं. दोन बायांचं किंवा दोन बाप्यांचं लग्न कायद्याने लागू द्यावं का, असं. कोट घातलेला एक माणूस तावातावाने म्हणाला, "आज हे मागतायत, उद्या एकाला चार बायका मागतील!"

तू मांडीवर थाप मारलीस. "आलं का आपल्यावर! उद्या कशाला रे? दोन तर आमच्याकडं कधीच्या हायेत."

दीपालीला हसू आवरेना. अशू हसली नाही. तिने टीव्ही बंद केला आणि म्हणाली, "मोठी आय, मी आणि दीपाली मैत्रिणी नाय. आमी तशाच हाव, टीव्हीवरच्यासारख्या. लग्न करता आलं तर करू. नाय आलं तरी एकत्र राहू."

मी भाजी निवडत होते. कोथिंबिरीची जुडी माझ्या हातातून खाली पडली. ती मी उचलली नाही.

तू ओरडली नाहीस. गावात कुणाची भांडणं आली की तू जशी बसायचीस तशी बसलीस, एक पाय मुडपून. "का करावं, ते सांग."

"का म्हंजे? दोघी शहाण्या हाव. दोघींची मर्जी हाय. कुणाचं काय बिघडत नाय."

"एवढंच कारण?"

"एवढं पुरं नाय?"

"मग ऐक," तू म्हणालीस. "आमची तिघांची मर्जी होती. मी हो बोललेली. तुझा बाप हो बोलला. तुझी लहानी आय काय बोलली नाय, पण नायपण बोलली नाय. शहाणी सगळीच होती. मग आमचं बरोबर होतं कं नाय?"

अशूने माझ्याकडे बघितलं.

"शाळेत असताना तू मला काय बोललेलीस? आठव. लहान्या आयला ह्या घरात आणली ते पाप झालं, असं तू माझ्या तोंडावर बोललेलीस. मग आता बोल. आमचं बरोबर होतं, नायतर तुझंपण चूक हाय. दोनपैकी एक. एका तोंडात दोन गोष्टी चालायच्या नाय."

अशूचं तोंड उतरलं. तिला वाटलं, तू तिला अडवते आहेस. मलाही तसंच वाटलं. दीपाली हळूच म्हणाली, "मोठी आय, तसं नाय ओ..." पण तसं नाही म्हणजे कसं, ते तिलाही सांगता आलं नाही.

"उत्तर घेऊन या दोघी," तू म्हणालीस. "तवर अशू, तू एकटी ये. तुला कधी नाय बोलणार नाय. तुझं घर हाय."

दोन वर्षं ती एकटी येत राहिली. दर वेळी तू विचारायचीस, "सापडलं?" ती नाही म्हणून मान हलवायची. मग तू तिला तांदळाची भाकरी वाढायचीस. जाताना दोघींपुरत्या भाकऱ्या बांधून द्यायचीस, हेही मी बघत होते.

उत्तर मी शोधत होते, बाय. चौथी शिकलेली मी, काय शोधणार? पण शेण सारवताना, भांडी घासताना तोच प्रश्न डोक्यात असायचा. चारपाच वेळा वाटलं की सापडलं. ओसरीपर्यंत आले आणि परत गेले. तू विचारायचीस, "काय गो धाकटे, काय पायजे?" मी म्हणायची, "काय नाय." आता त्या 'काय नाय'ची लाज वाटते.

मी आटगावकडची. तू मला बघायला आलीस तेव्हा अठरा पुरी होऊन दोन महिने झाले होते. बापाने मला विचारलं नाही, सांगितलं. पहिलीला मूल होत नाही, तिच्या हाताखाली राहायचं. तू माझे हात बघितलेस, केस बघितलेस आणि विचारलंस, "भाकरी येते?" मी मान डोलावली. लग्नाला मांडव नव्हता. तुमच्या अंगणात पाचसात माणसं. अंतरपाट धरायला एक तुझे चुलत दीर होते. दुसरं कुणी पुढे होईना. लोकांना लाज वाटत असेल. मग तू पुढे झालीस आणि टोक धरलंस. नवरा अंतरपाटाच्या पलीकडे, तो मला दिसत नव्हता. तू बाजूला, म्हणून दिसत होतीस. माझ्या लग्नात मी पाहिलं ते तुझं तोंड. तुझा हात हलत नव्हता. मला वाटलं, किती कडक बाई आहे.

पुढे कितीतरी वर्षांनी एकदा तुला मी विचारलं होतं, आयुष्यात विचारलेले दोनतीन प्रश्न असतील त्यातला हा एक. "तू हो का बोललीस?" तू म्हणालीस, "मला दोन वाटा दिलेल्या. सवत आण, नायतर माहेरी जा. माहेरी भावजय बसलेली. मग मी बोलले, आणायचीच तर मी बघून आणीन." आणि लगेच म्हणालीस, "जा, दूध उतू जाईल." दूध चुलीवर नव्हतंच.

म्हसा गावची जत्रा आठवते? आपण घोंगडी घ्यायला गेलो होतो. हे बैलबाजारात गेले आणि आपण दोघी बांगड्यांच्या दुकानाशी उभ्या. कासारीण म्हणाली, "जावाजावा काय?" तू म्हणालीस, "बहिणी." ती म्हणाली, "तोंडं नाय जुळत." तू म्हणालीस, "सामाईकातल्या हाव." तिला काही कळलं नाही. मला घरी येईपर्यंत हसू येत होतं. वाटेत तू म्हणालीस, "हस. सातबाऱ्यावर लिवतात तसं हाय आपलं. माणूस एक, नावं दोन. बांध कुठं घालायचा ते कुणाला ठाव नाय." पण त्या दिवसापासून तू मला शिकवलंस, बाहेर कुणी विचारलं तर बहीण सांगायचं. शाळेत, दवाखान्यात, रेशनच्या दुकानात. मी तेच सांगत आले.

हे आजारी पडले तेव्हा दवाखान्यात कागदावर पत्नी म्हणून अंगठा तू दिलास. मी बाहेर बाकड्यावर बसले होते. आत एकीलाच जाता येत होतं. तू बाहेर आलीस आणि म्हणालीस, "जा तू आता," पण दारातल्या माणसाने मला सोडलं नाही. तू त्याला किती शिव्या दिल्यास. त्याचा दोष नव्हता गो. कागदावर पत्नीसाठी एकच रेघ होती.

आणि तुला शहापूरला नेलं तेव्हा. जीपमध्ये तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. नर्सने विचारलं, "तुम्ही पेशंटच्या कोण?" मी म्हटलं, "बहीण." "सख्खी?" मी म्हटलं, "हो." मग तिने कागद दिला. तू शुद्धीत नव्हतीस, तरी मी तो तुला मोठ्याने वाचून दाखवला, पहिल्या ओळीपासून. तुला न सांगता मी कधी कशावर सही केली नाही. नर्स म्हणाली, "मावशी, हळू वाचा." मी हळू वाचला. शेवटपर्यंत वाचला. तेवढ्यात ते झालं.

मृत्यूच्या दाखल्यासाठी पुन्हा विचारलं. पुन्हा बहीण. आता सगळीकडे मी तुझी बहीण म्हणूनच लागले आहे. ते खोटं आहे, आणि खरं काय लिहायला पाहिजे होतं ते मला माहीत नाही.

वन्सं म्हणतात, चांदीचा टाक करून घे, सवतीचा. गळ्यात घाल, नाहीतर मेल्यावरही तू मला छळशील. मी म्हटलं, "हे जाऊन सोळा वर्षं झाली. मी आता कोणत्या नवऱ्यासाठी तिची सवत?" मनात म्हटलं. तोंडाने म्हटलं, "बघू."

आता उत्तर.

मला ते परवा सापडलं. माळ्यावरचं जातं खाली काढलं होतं आणि त्यावरून तो दिवस आठवला. अशू चार वर्षांची होती. तिच्या आधी एक आणि नंतर एक, अशी माझी दोन मुलं पोटातच गेली होती. सासूबाई ओसरीवर बसून ह्यांना म्हणाल्या, "तिसरी बघ. पोरगा पायजे." हे खाली बघत होते. नाही म्हणत नव्हते. आपण दोघी जात्यावर होतो. तू खुंटा सोडलास, पीठ भरल्या हाताने बाहेर गेलीस आणि म्हणालीस, "आणा. ती उंबऱ्यातून आत आली की आमी दोघी उंबऱ्यातून भायेर. भात कोण लावल? तुमी? नातवाच्या आशेवर एवढी शेती पिकवा मग."

तिसरी आली नाही.

बाय, त्या टीव्हीवरच्या माणसाला वाटतं की एक दार उघडलं की पुढची सगळी आपोआप उघडतात. तसं नसतं. आपल्या घरात दोघांचे तिघं झाले आणि तिघांचे चार होता होता राहिले, ते कशामुळे? कुणाची मर्जी होती म्हणून नाही. मुलगा पाहिजे म्हणून. ते कारण दोनवर थांबणारं नव्हतंच. तिसरीला मुलगा नसता झाला तर चौथी. कारणच तसं होतं, त्याला बायका मोजता येत नव्हत्या. ते थांबलं कारण तू उभी राहिलीस.

अशूचं कारण तसं नाही. तिला दीपाली पाहिजे. दीपाली मिळाली की ते कारण पुरं झालं. त्याला पुढे जायला जागाच नाही. तिने निवडलेलं माणूस बाई आहे म्हणून बाकीच्यांना वेगळं दिसतं, पण कोण, हा प्रश्न वेगळा आणि किती, हा प्रश्न वेगळा. दवाखान्याच्या त्या कागदावर एक रेघ असते, तिथे दीपालीचं नाव बसतं. रेघ तीच राहते. आपलं बसत नव्हतं, म्हणून मी बाकड्यावर.

आणि मर्जीचं. तू म्हणालीस, तिघांची मर्जी होती. नव्हती, बाय. मला विचारलंच नव्हतं. तुला विचारलं, पण नाही म्हणायला जागा ठेवली नव्हती. ह्यांची एकट्यांची मर्जी, आणि ती तिघांची म्हणून चालली. ह्यांना आपण दोघी पुऱ्या होतो, आपल्याला ते अर्धे अर्धे. अशू आणि दीपाली एकमेकींना अख्ख्या आहेत. उद्या पटलं नाही तर दोघी आपापल्या पगारावर राहू शकतात. तिने मर्जी म्हटलं ते बरोबर म्हटलं. फक्त आपल्याकडे जे होतं त्यालाही मर्जीच म्हणतात असं तिला वाटलं, म्हणून ती अडकली. अशूच्या तोंडात दोन गोष्टी नाहीत. एकच आहे. तिने शाळेत असताना म्हटलेलंही बरोबर होतं आणि आता म्हणते तेही.

तू लगेच विचारशील, "आणि खरंच तिघं आली, तिघं शहाणी, तिघं अख्खी, तर?" मला माहीत नाही. ती आली की त्यांना ओसरीवर बसवून तू विचारलं असतंस तसं विचारावं. पण ती अजून आलेली नाहीत. आलेल्या या दोघी आहेत. न आलेल्यांसाठी यांना फाट्यावर दगडावर का बसवायचं?

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. तू अशूला विचारत नव्हतीस. तुला कुणाकडून तरी ऐकायचं होतं की तू दिलेला होकार हा होकार नव्हता. चाळीस वर्षं तू तो आपल्या अंगावर घेतलास. मीच आणली, मीच बघून आणली, असं सगळ्यांना सांगत राहिलीस. अशू तुला पाप म्हणाली तेव्हाही तू तिला सांगितलं नाहीस की तुला वाटा दोनच होत्या. ते तुला सांगायला घरात मी एकटीच होते. आणि मी भाजी निवडत बसले. हे लिहिताना हात दुखतो आहे, एवढं लिहायची सवय नाही. बाकी काही वाटत नाही. पुढे वाटेल.

एकच होकार आपल्याकडे खरा झाला. हे गेल्यावर भाऊ मला न्यायला आला होता. तू चुलीपुढे बसलेली. तू मला राहा म्हणाली नाहीस, जा म्हणाली नाहीस. भावाला चहा दिलास. मी पिशवी परत खुंटीला अडकवली. तू बघितलंस आणि म्हणालीस, "तांदूळ घे निवडायला." तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं, तुलाही कुणी सांगितलं नव्हतं.

लिहिता लिहिता थांबून आत्ता अशूला फोन केला.

"दोघी या," मी म्हटलं.

ती मग म्हणाली, "मोठ्या आयचं उत्तर?"

"दिलं मी."

"तू?"

"हो. आलीस की वाचून दाखवते."

तिने आवाज खाली आणला. मग म्हणाली, "लहानी आय, आत्या असल. भावकी असल. मी मैत्रीण म्हणून सांगते, कुणाला काय कळणार नाय. उगाच तुला त्रास."

बाय, तिचा आवाज माझ्यासारखा लागला. नर्सला बहीण सांगताना माझा होता तसा.

"मैत्रीण बोलायचं नाय," मी म्हटलं.

"मग काय बोलू?"

"तू काय बोलू नको. कुणी विचारलं तर मी सांगेन."

फोन ठेवल्यावर कळलं, मी काय कबूल केलं ते. तेराव्याला तीसचाळीस माणसं असतील. आपल्या वन्सं पहिल्या रांगेत. चार माणसांत मी पाणीसुद्धा मागत नाही, तुला ठाऊक आहे. तू असतीस तर तूच सांगितलं असतंस आणि वर म्हणाली असतीस, "सामाईकातलं नाय हां, अख्खं हाय." सगळे हसले असते आणि विषय संपला असता. मला तसं जमायचं नाही.

म्हणून आत्ता ओसरीवर जाऊन उभी राहिले, तू बसायचीस तिथे तोंड करून, आणि मोठ्याने म्हणून पाहिलं. "ही दीपाली. आमच्या अशूचं माणूस."

पहिल्यांदा आवाजच फुटला नाही. दुसऱ्यांदा फुटला. कोंबड्या फक्त होत्या, तरी मी पदर डोक्यावर सारखा केला आणि तिसऱ्यांदा म्हटलं.